श्रद्धा ढळू लागलेल्या पाद्र्याचा चित्रपट: पहिल्यांदा पाहणाऱ्यांसाठी

ज्याने इतरांना धीर द्यायचा त्याचाच धीर सुटत चालला तर काय होते, या एका प्रश्नाभोवती काही मोठ्या दिग्दर्शकांनी चित्रपट रचले आहेत. अमेरिकी दिग्दर्शक पॉल श्रेडर यांचा ‘फर्स्ट रिफॉर्म्ड’ हा त्यांतला अलीकडचा, आणि नवख्या प्रेक्षकाने जिथून सुरुवात करावी असा चित्रपट, असे माझे मत आहे. २०१७ साली तो व्हेनिसच्या महोत्सवात प्रथम दाखवला गेला, २०१८ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि त्याच्या पटकथेला ऑस्करचे नामांकन मिळाले. तरीही तो अर्ध्यावर सोडणारे पुष्कळ भेटतात आणि सगळ्यांची तक्रार एकच असते, की यात काही घडतच नाही. मीही पहिल्या खेपेस तो तीन रात्रींत तुकड्यातुकड्यांनी पाहिला आणि माझ्या हाती काहीच लागले नाही. वर्षभराने एका बैठकीत पाहिला तेव्हा तो संपल्यावर दिवा लावायला उठवेना. या दोन खेपांच्या मधल्या काळात जे उमगले ते पुढे क्रमाने मांडले आहे.

पहिली पायरी: बैठक जमवणे

चित्रपट दोन तासांहून थोडा लहान आहे. तो एकाच बैठकीत, शक्यतो रात्री, खोलीत अंधार करून पाहावा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. ही सूचना कोणत्याही चित्रपटाला लागू पडेल, परंतु इथे तिला खास कारण आहे. श्रेडर प्रसंग संपल्यावरही कॅमेरा तिथेच ठेवतात; माणूस निघून जातो आणि रिकामी खोली किंवा बंद दार आणखी काही क्षण दिसत राहते. आधी झालेले बोलणे त्या क्षणांत मनात मुरते. नेमके तेव्हाच फोनकडे लक्ष गेले, की मुरायला वेळच उरत नाही आणि समोरचा चित्रपट खरोखरच कंटाळवाणा होतो. वेग वाढवून पाहण्याची सोय वापरू नये, हे ओघानेच आले.

चित्र सुरू होताच दोन्ही बाजूंना रुंद काळे पट्टे दिसतील. तो बिघाड नव्हे. जुन्या काळातल्या चित्रपटांप्रमाणे याची चौकट जवळजवळ चौकोनी, म्हणजे १.३७ : १ या प्रमाणातली आहे. टीव्हीवर चित्र ताणून पडदा भरण्याची सोय चालू असेल तर ती आधी बंद करावी, कारण त्या सोयीने चेहरे पसरट होतात किंवा डोक्यावरचे छत कापले जाते आणि या चित्रपटात ते छत महत्त्वाचे आहे. रुंद चौकटीत माणसाच्या दोन्ही बाजूंना मोकळी हवा असते. इथे ती नाही, त्यामुळे अरुंद खोलीत कोंडल्यासारखा भास पहिल्याच दृश्यांपासून होऊ लागतो. पाव्हेल पाव्हलिकोव्स्की यांचा २०१३ चा ‘इडा’ ज्यांनी पाहिला असेल त्यांना ही चौकट ओळखीची वाटेल.

आवाजासाठी हेडफोन असलेले बरे. बराच वेळ पार्श्वसंगीत जवळजवळ नाही आणि जे नंतर येते ते सुरावटीपेक्षा खोल घुमणाऱ्या नादासारखे आहे. टीव्हीच्या छोट्या स्पीकरवर ते ऐकूच येत नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगणे मला आवश्यक वाटते. चित्रपटात आत्महत्येचा प्रसंग आहे आणि त्याचा परिणाम आडपडद्याविना दाखवला आहे. अलीकडे ज्यांच्या घरात किंवा मनात असे काही घडून गेले असेल, त्यांनी तो एकट्याने पाहू नये, किंवा आत्ता पाहूच नये.

दुसरी पायरी: हे चर्च कोणते, ते समजून घेणे

पाद्री म्हटल्यावर अनेकांच्या डोळ्यांसमोर अविवाहित कॅथलिक फादर, मेणबत्त्या, मूर्ती आणि पापनिवेदनाची खोली येते. यातले काहीही इथे नाही. कथा अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात, स्नोब्रिज या काल्पनिक गावात घडते आणि चर्च डच रिफॉर्म्ड या प्रोटेस्टंट परंपरेचे आहे. डच वसाहतकारांनी ही परंपरा तिथे सतराव्या शतकातच नेली. आज जिथे न्यूयॉर्क शहर आहे तिथल्या वसाहतीत या पंथाची पहिली मंडळी १६२८ मध्ये स्थापन झाली. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन याच्या शिकवणुकीवर उभ्या असलेल्या या पंथात भिंती कोऱ्या असतात, मूर्ती नसतात, पाळक लग्न करू शकतो आणि उपासनेचा केंद्रबिंदू वेदीपेक्षा व्यासपीठावरून उच्चारलेला शब्द असतो. म्हणूनच या पंथातल्या पाळकाला प्रार्थनेचे शब्द सुचेनासे झाले, तर त्याच्यापाशी टेकायला दुसरा आधार फारसा उरत नाही.

श्रेडर स्वतः मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स इथे, अशाच कडक कॅल्व्हिनवादी घरात वाढले. त्यांच्या घरी चित्रपट वर्ज्य होते आणि पहिला चित्रपट त्यांनी पाहिला तो जवळजवळ सज्ञान झाल्यावर. १९७२ मध्ये, वयाच्या पंचविशीत, त्यांनी ओझू, ब्रेसाँ आणि ड्रायर या तीन दिग्दर्शकांवर एक पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी म्हटले की असे चित्रपट तीन टप्प्यांनी जातात: आधी रोजचे कोरडे जगणे, मग त्या जगण्यात न मावणारी एक अस्वस्थता आणि शेवटी एक निश्चल क्षण, ज्यात काहीही सुटत नाही पण पाहणाऱ्याच्या आत काहीतरी हलते. या पुस्तकानंतर चाळीसहून अधिक वर्षे त्यांनी स्वतः मात्र तसा चित्रपट केला नाही. ‘फर्स्ट रिफॉर्म्ड’ हा तो चित्रपट. हे तीन टप्पे लक्षात ठेवले तर वाट चुकत नाही.

तिसरी पायरी: पहिल्या अर्ध्या तासात कामे पाहणे

मुख्य पात्र आहे रेव्हरंड अर्न्स्ट टोलर, आणि ती भूमिका ईथन हॉक यांनी केली आहे. टोलर पूर्वी सैन्यात धर्मगुरू होता. घराण्याची परंपरा म्हणून त्याने मुलाला सैन्यात जाण्यास उत्तेजन दिले, मुलगा इराकमध्ये मारला गेला आणि त्यानंतर पत्नी सोडून गेली. अशा अवस्थेत त्याला या जुन्या, पर्यटकांपुरत्या उरलेल्या चर्चचे काम मिळाले. हा सगळा पूर्वेतिहास चित्रपटात कुठेही रडून सांगितलेला नाही. तो दोन-चार कोरड्या वाक्यांत येतो. ती वाक्ये निसटू नयेत म्हणून, भाषा येत असली तरी, सबटायटल चालू ठेवावीत.

या भागात कथानक शोधू नये, टोलरचे हात पाहावेत. तो वहीत लिहितो, चर्चमधली लहानसहान दुरुस्ती पाहतो, आलेल्या मुलांना बाकाखालचे चोरदार उघडून दाखवतो आणि गुलामगिरीतून पळालेले लोक इथे कसे लपत असत ते सांगतो. रविवारी मोजक्या माणसांपुढे उपासना चालवतो. तो राहतो त्या घरात सामान इतके कमी आहे की एखादी खुर्ची दिसली तरी नजर तिच्यावर खिळते. ही कामे तो नीट करतो. श्रद्धा ढळलेला माणूस म्हटल्यावर आपण त्याने देवाला शिव्या द्याव्यात, वेदीपुढे कोसळावे अशी अपेक्षा धरतो. टोलर मात्र ठरलेले काम ठरलेल्या वेळी करत राहतो आणि प्रार्थना तेवढी त्याला जमत नाही. माझ्या मते सगळा चित्रपट या फटीतून पाहावा: श्रद्धेचा बाहेरचा व्यवहार अखंड चालू आहे आणि आतला झरा आटला आहे. पुढे जे जे घडते ते या दोन गोष्टींमधले अंतर वाढत गेल्यामुळे घडते.

वहीचेही असेच आहे. टोलरने ठरवले आहे की बारा महिने रोज हाताने लिहायचे आणि मग वही नष्ट करायची. आपल्याला ऐकू येणारे निवेदन म्हणजे ही वही. ते पूर्ण सत्य मानू नये. तो लिहितो एक आणि लगेच पुढच्या दृश्यात वागतो वेगळे, असे काही वेळा दिसेल. तिथे थोडे सावध व्हावे.

चौथी पायरी: लांब संवाद न कंटाळता ऐकणे

सुरुवातीलाच मेरी नावाची तरुण, गरोदर स्त्री टोलरला विनंती करते की माझ्या नवऱ्याशी एकदा बोला. मायकेल हा पर्यावरणासाठी झगडणारा कार्यकर्ता आहे आणि अशा जगात मूल आणणेच चूक आहे, असे त्याचे ठाम मत झाले आहे. टोलर त्याच्या घरी जातो, दोघे समोरासमोर बसतात आणि बोलतात. बस, एवढेच, आणि ते बराच वेळ चालते. सर्वाधिक प्रेक्षक इथेच गळतात आणि माझ्या लेखी हाच चित्रपटाचा गाभा आहे.

हा प्रसंग ऐकताना मायकेलची आकडेवारी मनात साठवायची गरज नाही. तो २०५० सालाबद्दल, तापमानाबद्दल, समुद्राबद्दल बोलतो. लक्ष द्यावे ते टोलरच्या उत्तरांकडे. आधी तो पाळकाच्या शिकलेल्या भाषेत बोलतो. मग त्याच्या लक्षात येते की हा मुलगा पाठ केलेल्या उत्तरांनी समजावता येणारा नाही, आणि तो स्वतःच्या मेलेल्या मुलाची गोष्ट काढतो. मूल गमावण्याचे दुःख मूल जगात आणण्याच्या भीतीपुढे ठेवून तो सांगतो की आशा आणि निराशा या दोन्ही एकाच वेळी मनात धरून राहणे हेच जगणे आहे. शब्द चांगले आहेत. पण ते बोलताना टोलरचा चेहरा पाहावा: तो मायकेलला पटवत आहे की स्वतःला, हे सांगता येत नाही. शेवटी मायकेल विचारतो की आपण या सृष्टीचे जे केले त्याबद्दल देव आपल्याला क्षमा करील का, आणि टोलरकडे उत्तर नसते. त्या रात्री तो वहीत लिहितो की बायबलमधल्या याकोबाने देवदूताशी रात्रभर झुंज दिली तसे वाटले, आणि त्या झुंजीने त्याला उभारी आली.

ही उभारी ध्यानात ठेवावी. ज्या माणसाला प्रार्थनेत काही जाणवत नव्हते, त्याला दुसऱ्याच्या निराशेत प्रथमच काहीतरी जिवंत सापडले आहे, आणि पुढचा सगळा धोका तिथूनच सुरू होतो. मायकेलचा प्रश्न टोलर स्वतःच्या घरी घेऊन जातो. काही दिवसांनी त्याचा संगणकही. ज्याला बरे करायला गेला त्याचाच आजार त्याला जडतो, आणि चित्रपटाची बांधणी अशी की तो कधी जडला हे बोट ठेवून दाखवता येत नाही.

पाचवी पायरी: पेला आणि शरीर

टोलर आजारी आहे. तो दारू पितो, पोट दुखते, लघवीत रक्त येते आणि डॉक्टरकडे जाणे तो टाळत राहतो. एका दृश्यात तो व्हिस्कीच्या पेल्यात पोटाचे गुलाबी औषध ओततो. कॅमेरा वरून अगदी जवळ जातो. तपकिरी द्रवात गुलाबी धार उतरते, पसरते, ढगासारखी फुगते आणि पेल्याच्या तळाशी आकाशगंगेसारखे काहीतरी फिरत राहते. दृश्य क्षणभराचे आहे. त्यात सौंदर्य आहे आणि किळसही आहे. औषध आणि विष एकाच पेल्यात घेणाऱ्या या माणसाबद्दल वहीतली दहा पाने जे सांगत नाहीत ते हा पेला सांगतो, आणि जी नासाडी तो नद्यांत आणि हवेत पाहतो तीच स्वतःच्या पोटात करतो आहे, हेही इथेच कळते. या चित्रपटात शरीर आणि पृथ्वी यांना निराळे करून पाहू नये.

सहावी पायरी: दोन चर्च आणि पैसा

टोलरच्या पडक्या चर्चचा खर्च जवळचे एक भव्य आधुनिक चर्च उचलते. तिथे मोठे सभागृह, पडदे, गायकवृंद, उपाहारगृह असे सगळे आहे आणि तिथले प्रमुख जेफर्स हे सहृदय गृहस्थ आहेत. त्यांना खलनायक समजण्याची घाई करू नये. टोलरची प्रकृती ढासळते आहे हे सर्वांत आधी त्यांच्याच लक्षात येते, आणि ते त्याला सुनावतात की तू खऱ्या जगात राहत नाहीस. हे बोलणे चुकीचे नाही, म्हणूनच झोंबते. जुन्या चर्चच्या २५० व्या वर्धापनदिनाच्या सोहळ्याला पैसा देणारा उद्योगपती मात्र तोच आहे, ज्याचे नाव प्रदूषण करणाऱ्यांच्या यादीत टोलरला सापडते. इथून पुढे चित्रपटाचा वेग वाढतो आणि मार्गदर्शनाची गरज कमी होते.

सातवी पायरी: कॅमेरा हलतो तेव्हा

आरंभीचे दृश्य सोडले, ज्यात कॅमेरा चर्चकडे सावकाश सरकत जातो, तर पुढे तो बहुतेक स्थिर असतो. तो मान वळवत नाही, पात्रांच्या मागे धावत नाही. म्हणून तो जेव्हा हलतो तेव्हा दिग्दर्शकाने स्वतःचाच नियम जाणूनबुजून मोडला आहे असे समजावे. अशी एक जागा मेरी आणि टोलर यांच्या प्रसंगात येते. दोघे जमिनीवर निजून, एकमेकांच्या श्वासाशी श्वास जुळवतात आणि एकाएकी हवेत तरंगू लागतात. खाली तारे, डोंगर, समुद्र सरकतात आणि मग टायरांचे ढीग आणि कचरा. इतक्या कोरड्या चित्रपटात हे अचानक आल्याने काही प्रेक्षक दचकतात, काही नाराज होतात. पहिल्यांदा पाहताना मलाही ते खटकले होते. आता वाटते की हे दृश्य नसते तर टोलरला प्रार्थनेत जे मिळत नव्हते ते नेमके काय, हे आपल्याला कधी दिसलेच नसते. त्याला ते क्षणभर मिळते आणि त्याच्या डोक्यात साचलेली घाण त्या क्षणातही घुसते.

आठवी पायरी: शेवट (चित्रपट पाहून झाल्यावरच वाचावी)

सोहळ्याच्या दिवशी टोलर मायकेलकडे सापडलेले स्फोटकांचे जाकीट अंगात चढवतो, खिडकीतून मेरीला येताना पाहतो आणि ते काढतो. मग उघड्या अंगाला काटेरी तार गुंडाळतो, वर पांढरा झगा घालतो आणि पेल्यात नळी साफ करण्याचे द्रव ओततो. बाहेर जेफर्स दार ठोठावतात, ते उघडत नाही. तेवढ्यात मेरी खोलीत उभी दिसते, त्याला नावाने हाक मारते आणि दोघे एकमेकांना मिठी मारतात. इतका वेळ स्थिर राहिलेला कॅमेरा त्यांच्याभोवती फिरू लागतो. चर्चमधून भजन ऐकू येत असते आणि चित्र व आवाज अर्ध्यातच तुटतात.

बंद दारातून मेरी आत कशी आली? टोलर विष प्यायला आणि हे मरतानाचे स्वप्न आहे, की तिच्या येण्याने तो वाचला? श्रेडर यांनी दोन्ही वाचने खुली ठेवली आहेत. इथे नवख्या प्रेक्षकाची स्वाभाविक धाव इंटरनेटवर ‘खरा अर्थ’ शोधण्याकडे असते. ती किमान एक दिवस थोपवावी. त्याऐवजी कागद घ्यावा आणि दोन गोष्टी लिहाव्यात: तो काळा पडदा आला तेव्हा आपल्याला काय व्हावे असे वाटत होते, आणि का. आशा आणि निराशा दोन्ही धरून राहायला टोलरने मायकेलला सांगितले होते. ते काम आता पाहणाऱ्याकडे आले आहे. एका वाचनावर लगेच शिक्कामोर्तब केले तर ते टाळल्यासारखे होते.

नववी पायरी: याच वाटेवर पुढे

यानंतर इंगमार बर्गमन यांचा १९६३ चा स्वीडिश चित्रपट घ्यावा, जो इंग्रजीत ‘विंटर लाइट’ या नावाने ओळखला जातो. तो अवघा ८१ मिनिटांचा आहे. त्यातला पाळक टोमास लूथरन, म्हणजे मार्टिन लूथरच्या प्रोटेस्टंट पंथातला आहे, विधुर आहे, तापाने फणफणला आहे, आणि सगळी कथा हिवाळ्यातल्या एका रविवारच्या काही तासांत संपते. चीनकडे अणुबाँब येणार या भीतीने खचलेला एक कोळी त्याच्याकडे येतो आणि टोमास त्याला धीर देण्याऐवजी स्वतःचीच शंका त्याच्यापुढे ओततो. टोलर आणि मायकेलचा प्रसंग कुठून आला ते इथे उघड होते. बर्गमन यांचे वडीलही पाळक होते, आणि छायालेखक स्वेन नीक्विस्ट यांच्यासह ते चर्चमध्ये बसून हिवाळी उजेड तासातासाने कसा सरकतो ते पाहत असत. चित्रपटात सावल्या जवळजवळ नाहीत त्या याच निरीक्षणामुळे. मेर्टा या शिक्षिकेचे पत्र टोमास वाचू लागतो तेव्हा इन्ग्रिड थुलीन कॅमेऱ्याकडे थेट पाहत ते पत्र कित्येक मिनिटे बोलून दाखवतात. त्या वेळी नजर खाली घेऊ नये, कारण टोमासने आयुष्यभर नेमके तेच केले आहे.

तिसरा चित्रपट रोबेर ब्रेसाँ यांचा १९५१ चा, एका खेड्यातल्या तरुण कॅथलिक पाद्र्याच्या रोजनिशीवरचा. तो जॉर्ज बेर्नानोस यांच्या १९३६ च्या कादंबरीवर आधारलेला आहे. वही, पोटाचा आजार, दारूत बुडवलेला पाव, गावाचा अबोला हे सगळे तिथे आहे. यातला पाद्री टोलरपेक्षा दुबळा दिसतो आणि अखेरीस अधिक शांत असतो. हात लिहितो, आवाज तेच वाचतो, मग तेच घडताना दिसते. ही पुनरुक्ती आधी जाचक वाटेल, पण अर्ध्या तासात कान तिला सरावतात.

कार्ल ड्रायर यांचा १९५५ चा ‘ओर्डेट’ सर्वांत शेवटी ठेवावा. त्याची मूळ कथा काइ मून्क या डॅनिश पाद्र्याच्या नाटकात आहे. मून्कना १९४४ मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांनी, ठार केले. या चित्रपटाच्या शेवटाविषयी कुठेही काहीही वाचू नये, कुणाला विचारूही नये. तीन संथ चित्रपटांतून नजर आणि कान यांना जी सवय लागलेली असते, ती त्या शेवटच्या दहा मिनिटांसाठी पुरेपूर लागते.